पुस्तक आणि प्रयोग एकाच चटईवर

शाळेच्या पांढऱ्या शर्टावर आमटी सांडते. आई त्या पिवळ्या डागावर कपड्याचा साबण चोळते आणि डाग लाल होतो. भरपूर पाण्यात खंगाळला की पुन्हा पिवळा. दोन-तीन उन्हं लागली की इतका फिकट होतो की शोधावा लागतो. सातारा-सांगलीकडच्या बहुतेक घरांत हे अधूनमधून घडतंच. मुलं ते पाहतातही. पण वरच्या वर्गात आम्ल, आम्लारी आणि नैसर्गिक दर्शकांचा धडा येतो तेव्हा शर्टावरचा तो डाग कुणाला आठवत नाही. धडा पाठ होतो, पेपरात दोन गुण मिळतात आणि विषय संपतो.

याला मुलांचा आळस किंवा मोबाईल कारण आहे असं आपण पटकन म्हणून टाकतो. मला ते पटत नाही. आपणच वाचन एका खणात आणि विज्ञान दुसऱ्या खणात ठेवलं आहे. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन करायचा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन करायचा. एका दिवशी पुस्तकांची मांडणी, दुसऱ्या दिवशी थर्माकोलचे ज्वालामुखी. मधल्या साडेचार महिन्यांत पुस्तकं कपाटात आणि परीक्षानळ्या दुसऱ्या कपाटात. मुलाच्या डोक्यात मात्र असे खण नसतात. त्याला प्रश्न पडतो तेव्हा तो हातालाही पडतो आणि डोळ्यालाही.

म्हणून तिसरी ते सातवीच्या मुलांच्या आईवडिलांना, शिक्षकांना आणि गावोगावच्या ग्रंथपालांना माझं सांगणं एवढंच आहे की पुस्तक आणि वस्तू एकाच चटईवर ठेवा. पुस्तकात जे वाचलं ते त्याच आठवड्यात हातात यावं, आणि हातात जे दिसलं त्याचा माग पुस्तकात लागावा. त्यासाठी महागडं किट लागत नाही. या दोन जिल्ह्यांत नुसतं आजूबाजूला पाहिलं तरी वर्षभराचं सामान आहे.

मायकेल फॅरडेचं उदाहरण मुलांना जरूर सांगावं. लंडनमधल्या गरीब लोहाराचा हा मुलगा चौदाव्या वर्षी एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा. ज्ञानकोशातला विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट नावाच्या बाईंनी लिहिलेलं रसायनशास्त्रावरचं संवादरूप पुस्तकही त्याच्या हाती लागलं. वाचलेलं तो खिशातल्या थोड्याशा पैशांतून सामान आणून स्वतः करून बघायचा. पुढे विद्युतजनित्रामागचं तत्त्व ज्याने शोधलं तो हाच फॅरडे. त्याला ना शाळा धड मिळाली ना गणित. वाचायचं आणि लगेच करून बघायचं, ही सवय मात्र होती.

आता हळदीकडे येऊ. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मुलं घरात तिला रोज पाहतात, बाजार समितीत तिचे सौदे होतात. हिच्यापासून सुरुवात करण्यासारखं सोपं दुसरं काही नाही.

अर्धा चमचा हळद एका वाटीत घ्या आणि तीत थोडं हात धुण्याचं सॅनिटायझर किंवा मेडिकलमध्ये मिळणारं स्पिरिट घाला. हे काम मोठ्यांनी, शेगडीपासून लांब करावं. नुसत्या पाण्यातही चालतं, पण हळदीतला पिवळा घटक, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात फारसा विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये चांगला विरघळतो. हा फरकही दोन वाट्या शेजारी ठेवून मुलांना दाखवा. हे पिवळं पाणी कोऱ्या कागदावर कापसाच्या बोळ्याने फिरवा, सावलीत वाळवा आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. आता स्वयंपाकघर आणि मोरी हीच प्रयोगशाळा. साबणाचं पाणी, लिंबाचा रस, ताक, चुलीतल्या राखेचं निवळलेलं पाणी, खायच्या सोड्याचं पाणी, पानाच्या चुन्याची निवळी, शॅम्पू, टूथपेस्ट. प्रत्येकाचा एकेक थेंब एकेका पट्टीवर. चुन्याला फक्त मोठ्यांनी हात लावायचा. चुना डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते, तेव्हा इथे जरासुद्धा ढिलाई नको.

थेंब टाकण्याआधी एक गोष्ट करून घ्याच. वहीत दोन रकाने पाडा, 'मला काय वाटतं' आणि 'काय झालं'. पहिला रकाना भरल्याशिवाय ड्रॉपर हातात द्यायचा नाही. अंदाज लिहून ठेवलेलं मूल पट्टीकडे वेगळ्याच डोळ्यांनी बघतं, कारण त्यात त्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. साबणाची पट्टी लाल होते, राखेची होते, निवळीची तर गडद होते. ताक आणि लिंबू टाकलेल्या पट्ट्या पिवळ्याच राहतात. खायचा सोडा घुटमळतो, कुणाला केशरी दिसतो, कुणाला तांबूस. इथे वाद होऊ द्या. मग लाल झालेल्या एका पट्टीवर लिंबू पिळा. ती पुन्हा पिवळी होते तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो.

याच पट्टीचा दुसरा प्रयोग निवांतपणाचा आहे. नाण्याहून चांगली रुंद अशी एक पट्टी घ्या, तिच्या मधोमध पाच रुपयाचं नाणं ठेवा आणि दिवसभर कडक उन्हात राहू द्या. दुसरी पट्टी कपाटात ठेवा. संध्याकाळी नाणं उचललं की खाली पिवळा गोल आणि भोवती विटलेला कागद. प्रकाशाने कर्क्युमिनचं विघटन होतं, म्हणूनच उन्हात शर्टाचा डाग जातो. एवढं झाल्यावर मुलांना हरिपूरच्या पेवांबद्दल सांगा. सांगलीजवळच्या या गावात हळद जमिनीखालच्या खोल पेवांत साठवण्याची जुनी रीत आहे. हळद जमिनीखाली का ठेवत असतील? याचं उत्तर तुम्ही देऊ नका. गावात जुनं कुणी असेल तर त्यांना विचारायला पाठवा. अंधार, गारवा, कीड, जागा, किती कारणं निघतात ते बघा.

आणि मग पुस्तक. मराठी विश्वकोशात हळदीवर नोंद आहे. विश्वकोशाचं काम वाईतून चाललं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ साली निघाला. आज सगळे खंड इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. मुलांसाठी 'कुमार विश्वकोश'ही आहे, त्यात जीवसृष्टी आणि पर्यावरणाचा भाग आहे. विश्वकोशाची भाषा सहावीच्या मुलाला जड जाते हे खरं. पण ज्या मुलाने सकाळी पट्ट्या लाल केल्या आहेत ते मूल संध्याकाळी त्या जड नोंदीतून आपल्या कामाचं वाक्य शोधून काढतं. शेजारी बसून अडलेले शब्द सांगायची तयारी तेवढी ठेवा.

हळद आणखी एका ठिकाणी भेटते. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. चमत्कारांमागचं विज्ञान दाखवणाऱ्या समितीच्या कार्यक्रमांत हळद आणि चुन्याचं पाणी अनेकदा असतं, कारण दोन्ही एकत्र आलं की 'रक्त' तयार होतं. ज्या मुलाने हे घरी केलं आहे त्याला उद्या कुणी बुवा लिंबातून रक्त काढून दाखवायला आला तर ते पहिला प्रश्न विचारेल, सुरीला काय लावलंय? विज्ञानाचं शिक्षण कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी एवढ्याचसाठी म्हणेन.

दुसरं सामान तासगावचं. बेदाणे. दहा बेदाणे मोजपट्टीशेजारी ओळीने लावा आणि ओळीची लांबी लिहा. ते साध्या पाण्यात रात्रभर भिजवा. तसेच दुसरे दहा साखरेच्या दाट पाकात. सकाळी पुन्हा ओळ लावा. पाण्यातले टम्म फुगलेले, पाकातले जेमतेम. पाणी सालीतून आत गेलं, पण पाकात का गेलं नाही? याच्या जोडीला बटाट्याच्या दोन फोडी, एक साध्या पाण्यात, एक दाट मिठाच्या पाण्यात. मिठातली फोड लुळी पडते, वाकवली तरी मोडत नाही. परासरणाची व्याख्या यानंतरच सांगा, मग ती पूर्ण सांगावी लागत नाही, निम्मी तर मुलं स्वतःच बोलतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज भागात बेदाण्याच्या रॅकवर द्राक्षं वाळत असतात. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून मुलांना तासाभरासाठी तिथे न्या. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. उरलेले तीन किलो कुठे गेले, हे तिथेच विचारा. वाळवण्याआधी द्राक्षं एका द्रावणात बुडवतात, कारण द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. हे शेतकरी पुस्तकापेक्षा छान सांगतात. मुलांनी वहीत शेतकऱ्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावं, तेही वाचन-लेखनच आहे.

मिरजेला जायला मिळालं तर तंतुवाद्यांच्या एखाद्या कारखान्यात डोकावा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली मानांकन मिळालं. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवलेला असतो. तो जरासा पुढेमागे केला की तीच तार आधी मुकी वाटते, मग झणझणते. कारागिराने एकदा ते करून दाखवलं की ध्वनीच्या धड्यातल्या कंपनांबद्दल वेगळं काही समजवावं लागत नाही. मात्र कामाच्या वेळी पन्नास मुलांचा जथा घेऊन जाऊ नका. आठ-दहा पुरेत.

सगळ्यांत मोठं सामान मात्र आभाळातून पडतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये आणि सांगलीच्या आटपाडी-जतमध्ये पाचशेच्या आसपास. एका एसटीच्या प्रवासात दहापटीहून अधिक फरक! जगात फार थोड्या ठिकाणच्या मुलांना इतकं जवळ असं उदाहरण मिळत असेल, आणि आपण ते नकाशातल्या रंगांवर भागवतो.

सरळ भिंतीची एक प्लास्टिकची बाटली घ्या. कंबर असलेली चालत नाही. वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून तळाशी खडे आणि पाणी घालून सरळ भिंत सुरू होते तिथे शून्याची खूण करा. तिथून वर मिलीमीटरची पट्टी चिकटवा. बाटली मोकळ्या जागेत, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब, विटांच्या आधाराने उभी करा. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, तीच वेळ आपण पाळावी. शाळा उशिरा भरत असेल तर शाळेजवळ राहणाऱ्या मुलांकडे आळीपाळीने जबाबदारी द्या. नोंद केल्यावर पुन्हा शून्यापर्यंत पाणी ठेवायचं. एखादा दिवस राहिला तर तिथे अंदाजाने आकडा भरायचा नाही, 'नोंद नाही' असं लिहायचं. हा प्रामाणिकपणा लहानपणी लागला तर लागतो.

मग गणित करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर पन्नास चौरस मीटरचं असेल तर पाचशे मिलीमीटरच्या गावातसुद्धा वर्षाला पंचवीस हजार लिटर पाणी त्यावर पडतं. महाबळेश्वरला तेवढ्याच छपरावर पावणेतीन लाख लिटर. माणदेशातल्या मुलांना हा आकडा स्वतः काढू द्या आणि तो टँकरमध्ये मोजायला सांगा.

सांगलीच्या मुलांसाठी या गोष्टीला दुसरं टोक आहे. सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे नदीकाठच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकंही त्या पुरात भिजली. खुद्द सांगलीत पाऊस बेताचाच, मग एवढं पाणी येतं कुठून? नकाशावर बोट फिरवू द्या. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर तिला मिळते, वारणा हरिपूरजवळ. म्हणजे डोंगरातल्या मुलांच्या बाटलीतला आकडा काही काळाने सांगलीच्या पुलावरच्या पट्टीवर दिसतो. पावसाळ्यात धरणातला विसर्ग आणि पुलाची पातळी रोज वर्तमानपत्रात येते. ती कात्रणं आणि बाटलीच्या नोंदी एकाच वहीत तारखेवार चिकटवा. वर्तमानपत्र वाचायची सवय लावायला याहून चांगलं निमित्त मला माहीत नाही. एक काळजी मात्र घ्या. ज्या मुलांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांना आठवण सांगायचा आग्रह करू नका. त्यांना वाटलं तर ती बोलतील.

सावलीचा प्रयोग मोठ्या मुलांचा आहे आणि सुट्टीतला आहे. सांगलीला ७ मेच्या आसपास आणि साताऱ्याला १०-११ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या सुरुवातीला हे पुन्हा होतं, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेलं, म्हणून मे गाठावा. मीटरभर काठी दोऱ्याला दगड बांधून ओळंब्यात उभी करा. बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करा. आता त्याच दुपारी नाशिकला मामा, आत्या कुणी असेल तर फोन लावा आणि तिथे मीटरभर काठीची सर्वांत आखूड सावली मोजायला सांगा. सांगलीच्या दिवशी मोजली तर ती साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास येईल. सांगलीपासून नाशिक उत्तरेकडे साधारण साडेतीनशे किलोमीटर. बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनिसने अशाच सावलीच्या कोनावरून आणि दोन गावांमधल्या अंतरावरून पृथ्वीचा परीघ काढला होता. मुलांनाही तो काढू द्या. सावलीची कड पुसट असते, त्यामुळे त्यांचं उत्तर हजार-दोन हजार किलोमीटरने चुकेल. चुकू द्या. किती चुकलं आणि का चुकलं हे शोधण्यात खरी शाळा आहे.

कास पठाराबद्दल थोडंच सांगतो, कारण तिथे गर्दी आधीच खूप आहे. पश्चिम घाटाबरोबर कास २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवं या कीटक खाणाऱ्या वनस्पती आहेत. खडकावर मातीचा थर पातळ आणि अन्नद्रव्यं कमी, म्हणून त्या कीटकांकडून ती मिळवतात. जायचंच तर जाण्याआधी आठवडाभर त्याबद्दल वाचून जा, पायवाट सोडू नका, भिंग बरोबर ठेवा. नाहीतर फोटोशिवाय हाती काही लागत नाही.

आता वाचनाचं. शाळेत वाचनाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे गोष्ट संपल्यासंपल्या विचारलेलं 'तात्पर्य काय?' तो प्रश्न बंद करा. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा, सातवीच्या मुलांनासुद्धा. नेमकं उत्कंठेच्या जागी थांबा आणि पुस्तक मुलांच्या हाताशी ठेवून उठा. किती पुस्तकं वाचली याच्या स्पर्धा लावू नका, मुलं पातळ पुस्तकं निवडतात आणि पानं उलटतात. आवडलं नाही तर पुस्तक अर्धवट सोडायची मुभा हवी. मोठी माणसं सोडतातच की.

काय वाचावं? बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेलं 'वाचू आनंदे' घरात असावंच. 'तोत्तोचान' शिक्षकांनी आधी वाचावं, मग मुलांना द्यावं. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायची विज्ञान खेळणी आहेत आणि मराठी पुस्तकंही आहेत. सातवी-आठवीला जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा देता येतात. सही मागायला आलेल्या मुलांना नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीसकट पाठवीन. आणि निरीक्षण कसं करावं हे शिकायचं असेल तर आपल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांना विसरू नका. पाखरू, जनावर, माणूस कसं न्याहाळावं हे त्यांच्या पानापानांत आहे. त्याला विज्ञानाचं पुस्तक म्हणत नाहीत एवढंच.

भिलारला मुलांना एकदा न्याच. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. घरांच्या ओसऱ्यांवर, खोल्यांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत आणि कुणीही बसून वाचावीत. सांगलीकरांना पलूस तालुक्यातलं अंकलखोप जवळ, तिथेही शासनाने पुस्तकांचं गाव केलं आहे. पण सगळी घरं बघायचा हव्यास नको. बालसाहित्याचं एक घर गाठा आणि दोन तास तिथेच बसा. परतताना प्रत्येकाने एक प्रश्न लिहून आणायचा, ज्याचं उत्तर तिथे मिळालं नाही.

या भागातल्या दोन शिक्षणप्रयोगांतून जे घेण्यासारखं आहे तेही सांगायला हवं. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा सुरू केली. फलटणच्या बोलीवर त्यांनी स्वतः संशोधन केलं होतं. मुलाच्या घरच्या बोलीला मान द्यायचा, तिच्यापासून लिहिण्यावाचण्याकडे जायचं, ही त्यांची दिशा. विज्ञानाच्या वहीलाही हेच लागू आहे. 'पानी वर चडलं आन कागुद लाल झाला' असं मुलाने लिहिलं तर ते उत्तम निरीक्षण आहे. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी बघता येतं. लाल पेन आधी चालवलं की पुढच्या वेळी मूल गाईडमधलं वाक्य उतरवतं.

दुसरा प्रयोग सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचा, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने स्वतः करून ज्ञान घडवणं, खडू-फळ्याच्या बाहेर काढून जमिनीवर आणला. काड्या, गोट्या, कार्डं घेऊन मुलं रंगवलेल्या फरशीवर गटात शिकू लागली. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. पुढे २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, त्यालाही या कामाने बळ दिलं. अशा यशाची नक्कल करताना फरशी रंगवणं सोपं असतं. वस्तू मुलाच्या हातात देऊन शिक्षकाने पाच मिनिटं गप्प राहणं अवघड असतं, आणि कळीचं काम तेच आहे.

घरच्यांसाठीही तेच. मुलाने काही विचारलं तर लगेच फोनवर शोधून उत्तर देऊ नका. 'तुला काय वाटतं?' विचारा, मग 'कसं बघता येईल?' विचारा. फोन तिसऱ्या पायरीवर. येत नसेल तर 'मलाही माहीत नाही, बघूया' म्हणा. आपल्याकडे आईबापाला आणि गुरुजींना हे वाक्य जड जातं. त्याने मान कमी होत नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी विकत मिळणारी मॉडेल्स आणू नका आणि पालकांनी रात्री जागून ती करू नयेत. परीक्षकांनीही चकचकीत मॉडेलपेक्षा मळक्या वहीला बक्षीस द्यावं, ही त्यांना विनंती.

ग्रंथपालांकडून एक छोटी गोष्ट हवी. बालविभागाच्या एका फळीवर हळदीच्या पट्ट्या, भिंग, चुंबक, मोजपट्टी ठेवा आणि शेजारी त्या त्या विषयाचं पुस्तक. वस्तू हरवतील, पुस्तकाला हळदीचे डाग पडतील. पडू द्यात.

आणि शिक्षकांनो, येत्या जूनमध्ये पर्जन्यमापक लावाल तेव्हा एक जोडशाळा शोधा. तुम्ही महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळ्याचे असाल तर माण, खटाव, आटपाडी किंवा जतची. दर सोमवारी मुलांनी आठवड्याचा पाऊस आणि एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून त्या शाळेला पाठवायचा. समोरची शाळा लिहील म्हणून थांबू नका, पहिलं कार्ड तुमच्या वर्गातून जाऊ द्या.